घरातलं सर्वांत लहान माणूस

(साने गुरुजींच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानमालेत दिंडोशी इथं दिलेलं व्याख्यान)



व्याख्यान साने गुरुजींच्या नावाचं आणि विषय कझाकस्तानचा सिनेमा, हे वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. पण गुरुजींनीच आपल्याला आंतरभारतीचं स्वप्न दिलं. शेजारच्या प्रांताचं मन त्याच्या भाषेतून ओळखा, असं ते सांगत राहिले. तोच धागा मी आज थोडा लांब नेतो आहे. हिमालयापलीकडच्या गवताळ माळरानावर एका छोट्या समाजानं आपल्या पोरांच्या, आजी-आजोबांच्या, चालीरीतींच्या गोष्टी पडद्यावर सांगितल्या. त्या पाहताना मला सारखा आपला मराठी सिनेमा आठवत राहिला. म्हणून आज बोलणार आहे ते मुख्यतः आपल्याबद्दल. कझाक सिनेमा सोबतीला असेल.

आणि हे बोलायला दिंडोशीइतकी योग्य जागा दुसरी नाही. या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर चित्रनगरी आहे. राज्य शासनानं ती १९७७ साली उभारली. आज तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. तुमच्यातल्या कितीतरी घरांत कोणी लाइटमन असेल, कोणी सेटवरचा सुतार, कोणी मेकअप करणारं. पडद्यावरचं घर कसं उभं राहतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

फाळक्यांपासूनच सुरुवात करू. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात हरिश्चंद्राच्या मुलाचं, रोहिदासाचं, काम कोणी केलं? फाळक्यांच्या मुलानं, भालचंद्रानं. सहा वर्षांनी ‘कालिया मर्दन’ आला, त्यातला बाळकृष्ण कोण? फाळक्यांची लेक मंदाकिनी. आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत, शिवाय फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात होता. आपला सिनेमा जन्मला तो एका कुटुंबात, आईबापांच्या आणि पोरांच्या कष्टांतून.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती हरिश्चंद्राची गोष्ट. बापानं स्वप्नात शब्द दिला. तो पाळण्यासाठी राज्य गेलं, बायको विकली गेली, आणि आईबरोबर पोरही गेलं. शब्द बापाचा, व्रत बापाचं, कीर्तीही बापाची. किंमत कोणी मोजली? रोहिदासाला कोणी विचारलं का? शंभराहून अधिक वर्षं आपण हरिश्चंद्राची सत्यनिष्ठा सांगतो आहोत. रोहिदासाच्या जागी उभं राहून ती गोष्ट पाहायला आपल्याला फार उशीर लागला.

आज मला सांगायचं आहे ते इतकंच. परंपरा कशी आहे, कुटुंब कसं आहे, हे जाणून घ्यायचं असेल तर त्यात ज्याला सर्वांत कमी हक्क आहेत त्या माणसाला विचारावं. घरात तो माणूस म्हणजे मूल. ते घर सोडून जाऊ शकत नाही. त्याला मत नाही, पैसा नाही, कुणाला जाब विचारायची सोय नाही. जगातले दोन सिनेमे मला असे दिसतात की ज्यांनी या लहान माणसाला मनापासून विचारलं. एक कझाक आणि दुसरा मराठी.

आता थोडं कझाकस्तानाविषयी. क्षेत्रफळ सत्तावीस लाख चौरस किलोमीटर, आणि माणसं साधारण दोन कोटी. आपल्या मुंबई महानगरातल्या माणसांइतकी माणसं एवढ्या अफाट मुलखात विखुरलेली आहेत. मूळचे हे मेंढपाळ, घोड्यांवर जगणारे, ऋतूंप्रमाणे मुक्काम हलवणारे लोक. १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत सोव्हिएत राजवटीनं त्यांची जनावरं सामुदायिक शेतीत ओढून घेतली. भीषण दुष्काळ पडला आणि सुमारे पंधरा लाख माणसं मेली. त्यानंतर याच भूमीवर कोरियन, जर्मन, चेचेन अशा समाजांना सक्तीनं आणून सोडण्यात आलं. त्यातच महायुद्ध. त्यानंतर चाळीस वर्षं सेमिपलातिन्स्कच्या माळावर अणुचाचण्या. एका समाजाच्या पाठीवर इतकं सगळं.

त्यांचा सिनेमा उभा राहिला तो याच युद्धात. जर्मन फौजा मॉस्कोकडे सरकल्या तेव्हा मॉस्को आणि लेनिनग्राडचे स्टुडिओ उचलून अल्माटीला, तेव्हाच्या अल्मा-अताला, आणले गेले. आयझेनस्टाइननं ‘इव्हान द टेरिबल’ तिथं चित्रित केला. युद्ध संपल्यावर पाहुणे परतले, पण तंत्र शिकलेली माणसं मागं राहिली. शाकेन आयमानोव्ह हे त्या मातीतले पहिले मोठे दिग्दर्शक. आज तिथल्या सरकारी स्टुडिओला, कझाकफिल्मला, त्यांचंच नाव आहे. आपल्या चित्रनगरीला फाळक्यांचं, त्यांच्या स्टुडिओला आयमानोव्हचं. पुढं १९८४ साली मॉस्कोच्या चित्रपटसंस्थेत कझाक तरुणांचा एक वर्ग भरला आणि त्यातून नवी लाट आली. १९९१ साली देश स्वतंत्र झाला. इतिहास इतकाच पुरे, आता गोष्टींकडे वळू.

पहिली गोष्ट बाप नसलेल्या घरांची.

१९६३ साली अब्दुल्ला कर्साकबायेव्हनं ‘माझं नाव कोझा’ नावाचा चित्रपट केला. बेर्दिबेक सोक्पाकबायेव्हच्या कादंबरीवरून. कोझा हा गावातला खट्याळ मुलगा. शिक्षिकेच्या पिशवीत बेडूक ठेवणारा, रोज सुधारायचं ठरवणारा आणि रोज फसणारा. बाप युद्धात गेला आहे. घरात आई आणि आजी. गावातल्या एकाला आईशी लग्न करायचं आहे, आणि कोझाला ते सोसत नाही. चित्रपट भरभरून हसवतो, पण त्याच्या मधोमध एक रिकामी जागा आहे आणि पोर तिच्याभोवती धिंगाणा घालत फिरतं.

आता आपल्याकडे या. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. चिन्मयचे वडील वारले आहेत. आई सरकारी नोकरीत, तिची पुण्याहून कोकणात बदली झाली आहे. मुलाला नवं गाव, नवी शाळा, समोर समुद्र आणि डोक्यावर पाऊस. अमृता सुभाष यांनी केलेली ती आई दिवसभर कचेरीत लढते आणि संध्याकाळी मुलाच्या अबोल्याशी लढते. दोघांनाही एकाच माणसाचं दुःख आहे आणि दोघंही ते एकमेकांपासून लपवतात. आपल्यापैकी किती घरांत हे घडलं असेल?

आणि परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’. पंढरपूर. वडील गेले, मागं त्यांनी स्वतः बनवलेली सायकल राहिली. तिचं नाव एलिझाबेथ. आई स्वेटर विणून घर चालवते, कर्जापायी विणायचं यंत्रच जप्त होतं. आता सायकल विकावी लागणार. ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण झेंडू ठरवतात की कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावायचं आणि पैसे उभे करायचे. मधुगंधा कुलकर्णी यांनी ही कथा लिहिली. त्या पंढरपूरच्या, आणि ते चित्रपटात जागोजागी जाणवतं. यात्रा इथं देखाव्याला नाही. लाखो वारकरी विठ्ठलाकडे धावतात, त्याच गर्दीत दोन पोरं बापाची आठवण वाचवण्यासाठी गिऱ्हाईक शोधतात. भक्ती आणि बाजार एकाच रस्त्यावर कसे नांदतात, हे पंढरपूरच्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही.

कझाक घरातला बाप युद्धानं नेला. आपल्या घरातला? इथं बसलेल्या अनेकांचे वडील किंवा आजोबा कोकणातून, घाटावरून गिरण्यांत आले. घर तिकडं, बाप इकडं. महिन्याला मनीऑर्डर आणि गणपतीला भेट. पिढ्यान् पिढ्या कोकणातली मुलं आई-आजीच्या राज्यात वाढली आणि बाप त्यांना पोस्टमनच्या हातून कळला. चाकरमान्यांच्या मागं राहिलेल्या त्या मुलांचा थोर चित्रपट अजून झालेला नाही, असं माझं मत आहे. तो व्हायला हवा. तो लिहिणारा कदाचित याच वस्तीत, म्हाडाच्या एखाद्या इमारतीत किंवा मृणालताई गोऱ्यांच्या झगड्यातून उभ्या राहिलेल्या नागरी निवाऱ्यात राहत असेल.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांची. इथं मी थोडा जास्त रेंगाळणार आहे.

कझाक समाजात एक जुनी चाल आहे. पहिलं मूल आजी-आजोबांना देऊन टाकायचं. सांभाळायला ठेवायचं नाही, द्यायचंच. मूल त्यांना आई-बाप मानतं आणि खऱ्या आईबापांशी त्याचं नातं दूरच्या आप्तासारखं राहतं. या चालीला ते ‘बौरिना सालू’ म्हणतात. त्याच नावाचा चित्रपट २०२३ साली आला. दिग्दर्शक अस्खत कुचिंचिरेकोव्ह, आणि गोष्ट त्यांच्या स्वतःच्या बालपणाच्या अनुभवातून आलेली. येर्सुलतान नावाचा मुलगा आजीपाशी वाढतो. आजी वारते. मग त्याला जन्मदात्यांच्या घरी जावं लागतं. घर त्याचंच आणि तोच तिथं परका. ज्या बापानं त्याला देऊन टाकलं त्या बापाशी काय बोलायचं? ज्या भावंडांना आई मिळाली त्यांच्याकडे पाहायचं कसं? या चित्रपटात कोणी दुष्ट नाही. आजीनं माया केली, आई-बापांनी रीत पाळली. सगळे बरोबर आहेत आणि मुलाच्या छातीत मात्र दगड आहे.

हे पाहिलं आणि माझ्यासमोर ‘नाळ’ उभा राहिला. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा, २०१८ सालचा. नदीकाठचं विदर्भातलं गाव. आठ-नऊ वर्षांचा चैत्या. श्रीनिवास पोकळेनं केलेला हा चैत्या एकदा पाहिला की विसरता येत नाही. खेळतो, पोहतो, आईच्या मागं मागं फिरतो. एक दिवस घरी आलेला नातेवाईक बोलून जातो की ही तुझी सख्खी आई नाही. झालं. त्या दिवसापासून चैत्या आईची परीक्षा घेऊ लागतो. तिनं माया केली तरी संशय, रागावली तरी संशय. देविका दफ्तरदार यांनी केलेली आई, सुमी, तिला तर हे माहीतच नाही की आपली परीक्षा चालू आहे. मग एकदा पाहुण्यांसोबत जन्मदात्री समोर येते आणि त्याच्याकडे धड पाहतही नाही. मुलाला ज्या क्षणाची आस होती तो क्षण येतो आणि रिकामाच निघून जातो.

दत्तक आपल्याकडे किती जुनं आहे! भावाचं मूल घेतलं, बहिणीचं घेतलं, वंश चालावा म्हणून, पिंडदान व्हावं म्हणून, शेत घरात राहावं म्हणून. राजघराण्यांचा इतिहास दत्तकविधानांनी भरलेला आहे. या सगळ्यात मोठ्यांची सोय सांगितली आहे. मुलाला काय वाटलं, हे कुठल्या कागदात आहे? माळरानावरचा येर्सुलतान आणि विदर्भातला चैत्या एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांनी एकच प्रश्न विचारला आहे. मी कुणाचा? या प्रश्नाचं उत्तर वंशावळीत मिळत नाही, हे दोन्ही चित्रपट जाणतात. कझाक मुलांना सात पिढ्यांची नावं पाठ असावीत असा त्यांच्याकडे दंडक आहे. सात पिढ्या पाठ, आणि तरी पोराला निजायला कूस नाही, असं होऊ शकतं.

आजोबांच्याही दोन गोष्टी सांगतो. आयमानोव्ह यांचा ‘आतामेकेन’, म्हणजे पूर्वजांची भूमी, १९६६ सालचा. पटकथा ओल्जास सुलेमेनोव्ह या कवीची. म्हातारा बाप नातवाला घेऊन आगगाडीनं निघतो, हजारो मैलांवर लेनिनग्राडजवळ पुरलेल्या आपल्या मुलाच्या अस्थी घरच्या मातीत आणायला. तिथं पोचल्यावर त्याला कळतं की मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर एकाच कबरीत आहे, आणि त्या परक्या गावातली माणसं ती कबर आपली म्हणून जपताहेत. म्हातारा मुलाला तिथंच ठेवतो. नातू सगळं पाहतो. त्याला कोणी काही समजावत नाही. प्रवासभर आजोबांच्या शेजारी बसून तो जे शिकतो ते शाळेत शिकवता येणार नाही.

आणि आपला ‘श्वास’. संदीप सावंत, २००४. कोकणातले केशवराव विचारे नातवाला घेऊन मुंबईला येतात. परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे. डोळे काढावे लागतील, तरच जीव वाचेल. हे मुलाला कोण सांगणार? अरुण नलावडे यांचे ते आजोबा हॉस्पिटलातून नातवाला घेऊन निघून जातात, शस्त्रक्रियेआधी त्याला जग दाखवायला. मुंबईचे रस्ते, माणसं, रंग. इकडं डॉक्टर संतापलेले, आप्त घाबरलेले. आजोबांनी नियम मोडला हे खरं. पण मुलाला विश्वासात घेणारं त्या क्षणी दुसरं कोण होतं? परंपरेत वडीलधाऱ्यांना अधिकार असतो. तो अधिकार मुलाच्या बाजूनं वापरला तर काय घडतं, हे ‘श्वास’नं दाखवलं. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं. मराठीला तो मान पन्नास वर्षांनी मिळाला. त्याआधी मिळाला होता तो कशाला? ‘श्यामची आई’ला.

‘श्यामची आई’बद्दल आज बोललंच पाहिजे. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्याचा चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले. चित्रपटांसाठी राष्ट्रपती सुवर्णपदक पहिल्यांदाच दिलं गेलं, ते याला. आणि सुजय डहाकेंनी २०२३ साली तीच गोष्ट पुन्हा कृष्णधवल रंगात केली, तिला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्तर वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा पडद्यावर येतं आणि पुन्हा गौरवलं जातं.

आपण ‘श्यामची आई’ची आठवण काढतो ती संस्कारांसाठी. पण नीट वाचा, नीट पाहा. श्याम किती वेळा चुकतो, किती घाबरतो, दारिद्र्यात घरातल्या माणसांचा अपमान कसा पाहतो, आईच्या शेवटच्या काळात कसा दूर असतो. गुरुजींनी मोठेपणी त्या मुलाला पुन्हा बोलतं केलं. आपण त्यातलं आईचं बोलणं उचललं आणि मुलाचं रडणं मागं ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

आता तिसरी गोष्ट, आणि ही कठोर आहे. परंपरा जशी जवळ घेते तशीच ती लाथाडतेही. बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच दिवशी घडतात.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या शाळेत जातो, शालूवर त्याचा जीव जडला आहे, काळी चिमणी पकडून तिची राख उडवली की शालू वश होईल असं त्याला वाटतं. आणि जत्रेच्या काळात त्याच्या कैकाडी कुटुंबाला गावातली डुकरं पकडायचं काम सांगितलं जातं. जत्रा गावाची, देव गावाचा, अपमान या घराचा. डुक्कर पकडता पकडता राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं घर जागच्या जागी उभं राहतं. मारलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर आहेत. मग जब्याचा दगड भिरभिरत आपल्याकडे येतो. सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा गावातला मुलगा, त्यानं हे काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

या चित्रपटातली एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. जब्याच्या घरात कैकाडी बोलली जाते आणि गावात मराठी. दारेझान ओमिर्बायेव्ह या कझाक दिग्दर्शकाचा १९९५ सालचा ‘कार्डिओग्राम’ पाहिला तर हे चटकन उमगतं. त्यात खेड्यातला कझाक मुलगा हृदयाच्या उपचारासाठी आरोग्यधामात पाठवला जातो. तिथं सगळे रशियन बोलतात. त्याला ती येत नाही. आजूबाजूला मुलं हसतात, खेळतात, आणि हा आपल्याच देशात मुका होऊन बसतो. आपण मराठी माणसं स्वतःला त्या कझाक मुलाच्या जागी ठेवतो, मुंबईत तर हमखास. जब्याच्या गावात मात्र त्या रशियन भाषेची जागा मराठीकडे आहे. हे पचवायला जड आहे, तरी खरं आहे. ज्याला आपल्या भाषेचा अभिमान आहे त्यानं जब्याच्या घरातली भाषाही ऐकली पाहिजे.

शिवाजी लोटन पाटील यांच्या ‘धग’मधल्या मुलाला बापाचं स्मशानातलं काम वारशानं मिळणार आहे आणि त्याला ते नको आहे. उषा जाधव यांची आई त्याच्यासाठी गावाशी झगडते. एमिर बायगाझिन यांच्या ‘हार्मनी लेसन्स’मधला तेरा वर्षांचा अस्लान आजीजवळ राहतो. शाळेत पोरं त्याला वाळीत टाकतात, आणि एक दांडगा मुलगा सगळ्यांकडून पैसे उकळतो. जात तिथं नाही, पण वाळीत टाकण्याची पद्धत तीच. या चित्रपटाच्या छायाचित्रणाला २०१३ साली बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळालं. त्यातला हिंसाचार लहान मुलांसाठी नाही, हे मुद्दाम सांगतो.

जनावरांविषयी बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण दोन्ही सिनेमांत जनावर हे घरातलं माणूस आहे. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ तुम्हाला आठवत असेल. जुन्नरकडचं गाव, चितंग्या नावाचा बैल खड्ड्यात पडून अधू होतो. पेरणी तोंडावर, नवा बैल घ्यायला पैसा हवा, म्हणून बाप चितंग्याला विकायला काढतो. टिंग्या विचारतो, माणूस आजारी पडलं तर सगळे धावपळ करता, मग माझ्या बैलाला का नाही? बापाजवळ उत्तर नाही, कारण बापाजवळ पैसा नाही. टिंग्याचं काम करणारा शरद गोयेकर मेंढपाळाच्या घरचा पोर. सर्गेई द्वोर्त्सेवॉय यांच्या ‘तुल्पान’मध्येही मेंढपाळाचंच घर आहे. धुळीचा माळ, तंबू आणि मेंढ्या. आसा नावाचा तरुण एकटाच, भर वादळी माळावर, अडलेल्या मेंढीचं बाळंतपण करतो. ती मेंढी खरी आहे, ते कोकरूही खरं आहे, आणि कॅमेरा तिथून नजर हटवत नाही. २००८ साली कान महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ विभागाचं पारितोषिक त्याला मिळालं. ज्यांनी गोठ्यात रात्र काढली आहे त्यांनी तो प्रसंग जरूर पाहावा.

‘तुल्पान’वरून एक गोष्ट सलते. आसाला जिच्याशी लग्न करायचं आहे ती तुल्पान आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही. पडद्याआडून ती त्याला नकार देते, त्याचे कान मोठे आहेत म्हणून. तिला शहरात शिकायचं आहे. तिचं नाव चित्रपटाला दिलं आणि तिचा चेहरा मात्र दाखवला नाही. दिग्दर्शकानं हे जाणून केलं आहे. पण या बाकीच्या सगळ्या गोष्टींत? कोझा, येर्सुलतान, अस्लान, परशुराम, टिंग्या, जब्या, चिन्मय, चैत्या. सगळे मुलगे. उमेश कुलकर्णींच्या ‘विहीर’मध्ये नात्यातल्या दोन मुलांची मैत्री आणि एकाचा मृत्यू इतक्या खोलवर दिसतो, तेही मुलगेच. शालू जब्याशी एक शब्द बोलत नाही. झेंडू भावाच्या मागं पळते. आपल्या गोष्टींत मुलीनं काय पाहिलं? न्हाण आल्यावर तिचं खेळणं कधी थांबलं? भावासाठी तिची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली? घरातल्या सर्वांत लहान माणसाला विचारा असं मी म्हटलं, पण त्याच्याहून लहान मानलं गेलेलं माणूस म्हणजे त्याची बहीण. तिच्यापर्यंत आपण पोचलेलो नाही.

सुरुवात झाली आहे. अमोल गोळे यांच्या ‘सुमी’त बारा वर्षांच्या मुलीला दूरच्या शाळेत जायला सायकल हवी आहे. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘नाळ २’मधल्या चिमीनं, त्रिशा ठोसरनं, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला तेव्हा ती किती लहान होती हे आपण दूरदर्शनवर पाहिलं. ही नावं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ती वाढायला हवीत.

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच मी आज इथं आलो आहे.

‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर मिळालं. ते कोणी दिलं? मोठ्या समीक्षकांनी नाही. बर्लिनमधल्या शाळकरी मुलांच्या परीक्षक मंडळानं दिलं. कोकणातल्या पावसात भिजलेल्या मराठी पोराची गोष्ट जर्मन मुलांना कळली, आवडली, त्यांनी एकमेकांशी वाद घालून तिला पहिली ठरवलं. दिंडोशीतल्या किती मुलांनी ‘किल्ला’ पाहिला आहे? मालाडच्या, कुरारच्या, संतोषनगरच्या किती शाळांत ‘टिंग्या’ दाखवला गेला? पुरस्कारांची बातमी छापून येते, चित्रपट चित्रगृहात एखादा आठवडा टिकतो, तोही दुपारच्या खेळाला, आणि ज्यांच्यासाठी तो केला ती मुलं शाळेत असतात. भारतीय बालचित्रपट समिती १९५५ साली स्थापन झाली होती, तिचं मुख्यालय मुंबईतच होतं. २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. केवळ मुलांच्या सिनेमासाठी असलेली देशाची स्वतंत्र संस्था आता नाही. मग हे काम कोणाचं?

माझं म्हणणं असं की ते आपलं. राज्याची चित्रनगरी आपल्या उशाशी आहे. तिथल्या तंत्रज्ञांच्या घरची मुलं इथल्याच शाळांत शिकतात. या वस्तीत सभागृहं आहेत, गणेशोत्सव मंडळांपाशी पडदे आणि ध्वनिक्षेपक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी एक चांगला मराठी चित्रपट दाखवायला आणखी काय लागतं? दाखवण्याचे हक्क रीतसर घ्या, निर्मात्यांना पत्र लिहा. मुलांसाठी मागितलं तर बरेच जण आनंदानं देतील, असा माझा विश्वास आहे. मध्येच एखादा कझाक चित्रपटही लावा, ‘माझं नाव कोझा’ तर नक्की, आणि शेजारी बसून मुलांना संवाद मराठीत सांगा.

आणि चित्रपट संपल्यावर मुलांना तात्पर्य सांगू नका. खुर्च्या गोल मांडा आणि त्यांना बोलू द्या. चैत्याच्या आईचं काय चुकलं? टिंग्याच्या बापानं काय करायला हवं होतं? जब्यानं दगड का मारला? मोठ्यांनी तासभर गप्प बसून ऐकायचं, एवढी एकच अट. आजी-आजोबांनाही बोलवा, कारण ज्या घरांच्या या गोष्टी आहेत ती घरं त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

संयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी या मालेतलं एक पुष्प व्याख्यानाऐवजी चित्रपटाचं असू द्या. पहिला कोणता, असं विचाराल तर मी ‘नाळ’ सुचवेन. आणि त्या दिवशी पहिल्या रांगा मुलांसाठी राखून ठेवा.